मूल हरवलेल्या घरी काकू

आमच्या पोलीस ठाण्यात काकूंना नावाने कोणी हाक मारत नाही. साहेबांपासून समोरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या काकूच. एकदा त्यांच्या नवऱ्याचा फोन मी उचलला, तर तोही म्हणाला, "काकू आहेत का?" तुम्ही त्यांचे पुतणे का, असं विचारणार होतो, पण जीभ आवरली.

मी ठाण्याची जीप चालवतो. ड्रायव्हरला कोणी काही सांगत नाही हे खरं, पण त्याच्यापासून कोणी काही लपवतही नाही. तो म्हणजे गाडीचाच एक भाग, असं लोकांना वाटतं. म्हणून काकूंबद्दल सांगायचं तर साहेबांपेक्षा मीच जास्त सांगू शकेन.

काकू हवालदार आहेत. अंगाने आडव्या, चालायला सावकाश, जिना चढताना दोन्ही गुडघ्यांशी त्यांचं भांडण चालू असतं. त्यांना चोरामागे धावायला लावलं तर बिचाऱ्या चोरालाच वाटेत थांबावं लागेल. त्यामुळे धरपकडीला त्यांना कोणी नेत नाही. पण लहान मूल हरवल्याची खबर आली की साहेब आपली टोपी शोधायच्या आधी काकूंना शोधतात, कारण अशा घरात जाऊन बसायचं काम त्यांचं.

लोकांना वाटतं, मूल हरवलं की पोलिसांनी रस्तोरस्ती धावत सुटावं. काहीजण सुटतातच. पण पहिली झडती होते ती घराची. पलंगाखाली, माळ्यावर, पाण्याच्या टाकीत, जिथे मांजर शिरेल तिथे सगळीकडे. एका घरी आईने टाहो फोडला होता, बापाने दोन शेजाऱ्यांची नावं संशयित म्हणून दिली होती, आणि काकूंनी न धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून घोरणारं पोर उपसून बाहेर काढलं. काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात तो असा. त्या शेजाऱ्यांची त्या घराशी अजूनही बोलचाल नाही.

घर झालं की पाळी आईबापांची. इथे लोक आम्हाला शिव्या घालतात, आणि मी म्हणतो घालाव्यात. ज्याचं लेकरू गेलं त्यालाच विचारायचं, तू कुठे होतास? नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. पोराला शेवटचं कोणी पाहिलं, अंगात काय होतं, हट्ट केला की मारता का, तुमचं दोघांचं पटतं का. जखमेवर मीठच ते. पण फार पूर्वी एका घरी आम्ही हे सगळं विचारायची लाज बाळगली होती. बाप आमच्याबरोबर रानोमाळ फिरला, पोराच्या नावाने हाका मारून त्याचा घसा बसला. काकूंनी त्याला स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं. आणि पोराचं बरंवाईट केलं होतं ते त्यानेच. तेव्हापासून काकू कोणाच्याच डोळ्यांतलं पाणी खरं धरत नाहीत. पुसतात मात्र सगळ्यांचं.

त्यांची रीत ठरलेली. अंगावर वर्दी नाही, साधा पंजाबी ड्रेस. आत गेल्या की बैठकीत बसायचं नाही, सरळ स्वयंपाकघर गाठायचं. चहाचं पातेलं स्वतः शोधायचं, साखर कुठे आहे ते मुलाच्या आईला विचारायचं. साखरेचा डबा कुठे आहे हे सांगताना बाई भानावर येते, असं त्यांचं म्हणणं. मग शेजारी बसून तिचा हात हातात घ्यायचा. तो हात धीर द्यायला असतो, आणि थरथर मोजायलाही असतो. ही दोन्ही कामं त्या एकाच हाताने करतात, आणि त्याबद्दल मला त्यांचा कधी राग येतो, कधी कीव येते.

त्या दुपारी खबर आली ती एका तीन मजली इमारतीतून. घर वरच्या मजल्यावर. पोराचा बाप लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार, असं मी पुटपुटलो, तर काकूंनी धापा टाकत डोळे वटारले. आई एका बेकरीत पाव बांधायच्या कामाला. पोरगा चार वर्षांचा. दिवसभर काहीतरी गुणगुणत हिंडायचा म्हणून घरात त्याला भुंगा म्हणत. घरात चौथे म्हणजे आजोबा, बापाचे वडील. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले. आयुष्यभर त्यांनी भाजीबाजाराच्या भुईकाट्यावर मालाचे ट्रक तोलले होते, म्हणून इमारतीत त्यांना काटेवाले आजोबा म्हणत.

घर पाहून झालं. भुंगा नव्हता. साहेबांनी माणसं चारी दिशांना पिटाळली, बसस्थानक, शाळेचं मैदान, मागचा ओढा. मग बापाला आतल्या खोलीत घेतलं. काकूंनी आईला स्वयंपाकघरात नेलं. मला सांगितलं, मधल्या दाराशी उभा राहा आणि दोघांना एकमेकांशी बोलू देऊ नकोस. मी उभा राहिलो. दोन्हीकडचं ऐकू येणारा मी एकटाच होतो, आणि ऐकून मला घाम फुटला.

बाप म्हणाला, चूक माझी. बायको कामावर होती, मी घरी होतो, माझा डोळा लागला. जागा झालो तर दार उघडं आणि पोर नाही. तिचा यात काही दोष नाही. तिकडे आई सांगत होती, चूक माझी. मी कामावरून आले तेव्हा भुंगा इथेच खेळत होता. मी अंघोळीला गेले आणि तेवढ्यात तो निसटला. ह्यांचा काही दोष नाही. आजोबांबद्दल मात्र दोघांनी एकच सांगितलं की त्यांची तब्येत बरी नसते, ते दिवसभर झोपून होते, त्यांना त्रास देऊ नका. साहेबांनी तरी त्यांना एकदा विचारून पाहिलं. आजोबा म्हणाले, "आधी माल उतरू द्या, मग बघू." साहेबांनी मान डोलवली आणि नाद सोडला.

दोन जबाब, आणि दोन्हीत चोर एकेकच, तो म्हणजे जो बोलतोय तो. असं आजवर पाहिलं नव्हतं. बहुतेक घरी नवरा बायकोकडे बोट दाखवतो आणि बायको सासूकडे. साहेबांनी लिफ्टच्या कंपनीत फोन लावला. तिथून कळलं, त्या वेळी हा घरी नव्हताच, एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये लोक अडकले होते तिथे गेला होता. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आई जिना चढून वर गेली ती पाच मिनिटांत रडत खाली धावली, अंघोळ कसली न् काय. म्हणजे बाप खोटा आणि आईही खोटी.

साहेब मधल्या दाराशी आले. काकूही उठून आल्या. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, ही पोरासाठी रडतेय हे खरंय. पण हिला आणखी कसली तरी भीती आहे. काहीतरी झाकतेय. मला वाटतं, हिच्या हातून काही झालंय आणि नवरा सांभाळून घेतोय." साहेबांनी कपाळ चोळलं. दोन माणसं गच्चीवर आणि इमारतीमागच्या कोरड्या विहिरीकडे पाठवली, आणि मला म्हणाले, गाडी काढून ठेव, बापाला ठाण्यावर न्यायचंय. मलाही काकूंचं पटलं होतं, हे इथेच सांगून टाकतो.

मी जिन्याकडे वळलो तोवर आजोबा उठून स्वयंपाकघरात आले. चहाचा वास लागला असावा. काकूंनी त्यांना कप दिला, ताटलीत चार बिस्किटं दिली. आजोबांनी दोन चहात बुडवून खाल्ली. उरलेली दोन रुमालात बांधली आणि रुमाल सदऱ्याच्या खिशात ठेवला. काकूंनी सहज विचारलं, ही कोणाला? आजोबा म्हणाले, "पोराला. बसवून आलोय त्याला. पाळी संपली की आणायचाय."

आई ओशाळून म्हणाली, ते त्यांच्या मुलाबद्दल बोलताहेत, म्हणजे ह्यांच्याच लहानपणाबद्दल. त्यांना तसं होतं. मागचं पुढे होतं, पुढचं मागे. म्हणाली आणि थांबली. तिच्या तोंडचा रंग उडाला. 

"बूट," ती म्हणाली. "काकू, मी आले तेव्हा बाबांच्या पायात बूट होते. खुर्चीत झोपले होते आणि पायात बूट होते. मीच काढून ठेवले."

काकूंनी विचारलं, हे तू आतापर्यंत का नाही बोललीस?

"लक्षातच नाही आलं. मी रोजच आवरते त्यांचं. सदरा उलटा घातला तर सुलटा करते, चष्मा डब्यातून काढून ठेवते. कोणी बघायच्या आत आवरायचं, एवढंच येतं मला आता. पोर दिसत नव्हतं, मी सगळीकडे हाका मारत होते, आणि हात आपोआप बूट काढत होते."

मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. भुंगा घरी होता तो आजोबांबरोबर, आणि एकटाच. बापाला लिफ्टच्या कामाचं बोलावणं आलं, लोक अडकले होते, नाही म्हणता येईना. बायको येईलच, तोवर काय होतंय, म्हणून तो गेला. बायको आली तेव्हा आजोबा झोपलेले आणि पोर नाही. आधी तिला वाटलं, बापाने नेलं असेल. तिने त्याला फोन केला तेव्हा दोघांच्याही पायाखालची जमीन सरकली. पण आजोबांकडे पोर सोपवलं होतं हे बाहेर कळलं तर? नणंदेने बजावून ठेवलं होतं. मागे आजोबांनी गॅस चालू ठेवला होता तेव्हाच ती म्हणाली होती, अजून एकदा असं काही झालं तर मी बाबांना वृद्धाश्रमात ठेवणार, तुमचं काही ऐकणार नाही. तिचंही चूक नव्हतं, भीती तिलाही होतीच. दाराबाहेर पोर एकटंच गेलं असणार, मग घरात कोण होतं त्याने काय फरक पडतो, असं नवऱ्यालाही वाटलं आणि बायकोलाही. एकमेकांशी ठरवायला वेळ मिळाला नाही. म्हणून दोघांनी आपापल्या डोक्याने आपापल्या गळ्यात फास अडकवून घेतला. आजोबा महिनोन्महिने एकट्याने जिना उतरले नव्हते. ते पोराला घेऊन बाहेर पडतील हे दोघांच्या स्वप्नातही आलं नाही.

"माझ्या बापाने मला कधी आणलं-नेलं नाही," ती म्हणाली. "हे बाबा रोज मला न्यायला बेकरीच्या दाराशी उभे असायचे. पाऊस असो, काही असो. रस्ता विसरायला लागले तोवर येत होते. त्यांना मी कशी पाठवू?" आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेत म्हणाली, "त्यांना झाकायला गेले आणि लेकरू घालवलं मी."

काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. मग आमच्या खात्याचा नियम मोडला. आतल्या खोलीकडे वळून, आई बसलेली असताना, तिच्या देखत बापाला हाक मारली. साहेबांनी अडवलं नाही. बाप दारात आला. काकूंनी त्याला विचारलं, "तू एवढा होतास तेव्हा तुझे वडील तुला कामावर न्यायचे का? कुठे बसवायचे?"

 तो म्हणाला, "काट्याच्या केबिनमागे. रिकाम्या पोत्यांवर. म्हणायचे, मी येईपर्यंत उठायचं नाही. मी उठायचो नाही."

जुन्या बाजाराकडे मी गाडी कशी चालवली ते विचारू नका. साहेब मोटारसायकलवरून पुढे. मागे आईबाप, काकू आणि आजोबा. आजोबांना घरी ठेवा असं मी म्हणालो होतो, पण आईने त्यांना बूट घातले आणि दंडाला धरून बरोबर आणलं. बाजार कधीच गावाबाहेर हलला आहे. जुन्या आवारात कांद्याची दोन-तीन गोदामं तेवढी चालू असतात, तीही सकाळीच. मोठं फाटक बंद होतं, पण त्यातलं माणूस जाईल एवढं छोटं दार नुसतं लोटलेलं होतं.

उन्हं उतरली होती. बाप पळत सुटला, मी त्याच्यामागे. भुईकाट्याचा लोखंडी पत्रा गंजून लाल झालेला, केबिनच्या काचा फुटलेल्या. आणि मागे, भिंतीला टेकून, कुजक्या पोत्यांच्या चळतीवर भुंगा बसला होता. मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर. चड्डी ओली. गुणगुणणं बंद. गालांवर रडून वाळलेले ओघळ होते, पण आमची चाहूल लागली तेव्हा तो रडत नव्हता, नुसता ताठ बसला होता.

बापाने हात पसरले. पोरगा मागे सरकला. "आजोबा आले की उठायचं," म्हणाला. "त्यांनी सांगितलंय."

बापाने त्याला उचललं असतं तर कोण अडवणार होतं? पण तो तिथेच मातीत बसला. पोराच्या पायाशी बसून राहिला आणि फाटकाकडे बघत राहिला. तोही कधी याच जागी असाच बसला होता, हे त्याला सांगायची गरज नव्हती. आई पळत आली, तिने मात्र पोराला कवेत घेतलं, पण उठवलं तिनेही नाही. आणि त्या तिघांच्या मागून, हात पाठीशी बांधून, जागा पाठ असलेल्या माणसाच्या चालीने आजोबा आले. घरात भिंतीला धरून चालणारा माणूस इथे आवाराचे खड्डे न बघता चुकवत होता.

"झाली पाळी," ते म्हणाले. "ऊठ आता." खिशातून रुमाल काढून त्यांनी बिस्किटं दिली. भुंगा उठला, आणि मग जे रडला ते विचारू नका. किती वेळ लावलात म्हणून आजोबांच्या पोटावर बुक्क्या मारत रडला. आजोबा म्हणाले, गाड्या फार होत्या बाळा आज.

बाप अजून मातीतच होता. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. वाकून त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "उपकार झाले तुमचे. माझ्या पोराजवळ बसलात. एकटा असला की घाबरतो तो, पण सांगत नाही."

बापाने मान खाली घातली. "चांगला आहे पोरगा तुमचा," एवढंच म्हणाला.

परतताना मी गाडी हळू घेतली. आईच्या मांडीवर भुंगा बिस्किट हातात धरूनच झोपला. काकू तिच्या शेजारी. समोरच्या बाकावर आजोबा आणि बाप. काकू आईला म्हणाल्या, "पोरी, मी तुझ्यावर संशय घेतला. साहेबांना तसं बोलूनही दाखवलं." आपल्या कामाबद्दल त्या कोणाची माफी मागत नाहीत, ही पण माफी नव्हतीच म्हणा. आई म्हणाली, "कळत होतं मला. पण माझ्याजवळ दुसरं होतं कोण?"  काकूंनी पोराच्या ओल्या चड्डीवर स्वतःची ओढणी टाकली आणि बाहेर बघत बसल्या.

फोन वाजला. नणंदेचा होता. दुपारपासून तिचे फोनवर फोन येत होते आणि कोणी उचलत नव्हतं. बापाने बायकोकडे पाहिलं. तिने उचला म्हणून मान हलवली. फोनमधला आवाज मला पुढेसुद्धा ऐकू येत होता, आधी काळजीचा, मग रडवेला, मग चढलेला.

"सापडला ताई," बाप म्हणाला. "बरा आहे. बाबांनीच नेला होता... हो, बाबांनीच. आम्ही त्यांच्यावर सोडून गेलो, ती आमची चूक. त्यांची नाही." पलीकडून ती बराच वेळ बोलत होती. तो ऐकत राहिला, मधे मधे हूं म्हणत. शेवटी म्हणाला, "तुझं सगळं पटतंय मला. भुंग्याला पुन्हा त्यांच्याजवळ एकट्याला ठेवणार नाही, कामं सोडावी लागली तरी चालेल. पण वडिलांना मी कुठे पाठवणार नाही. ते माझ्याजवळ राहतील."

त्याने फोन बंद केला.  आजोबा सगळं लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी या परक्या, भल्या माणसाच्या गुडघ्यावर थोपटलं.

"बरोबर बोललात," ते म्हणाले. "वडिलांना सोडू नये माणसाने. नशीबवान आहेत ते."

बापाने आजोबांचा तो हात तसाच धरून ठेवला. मी आरशातून मागे पाहिलं. इतक्या वर्षांत, इतक्या घरांतून परतताना, काकूंना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या रडत होत्या, आणि पुसतही नव्हत्या.